पोर्चमध्ये काय टाकावं?

घर बांधताना सगळ्यात जास्त चर्चा ओट्याची होते आणि सगळ्यात कमी पोर्चच्या जमिनीची. ओट्याला काळा ग्रॅनाइट लावायचा की दुसरं काही, यावरून घरात चार दिवस अबोला चालतो. पोर्चचं मात्र ‘तिथं काय, गाडीच तं उभी राह्यते’ एवढ्यात आटोपतं. हॉलमधल्या उरलेल्या टाइल्स, कंत्राटदाराकडचा उरलेला माल आणि मालकाकडचा उरलेला पैसा, असं सगळं उरलंसुरलं पोर्चच्या नशिबी येतं.

गाडी उभी राहते हे खरं, पण किती महिने? आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर, दारव्हा, घाटंजी, राळेगाव यांपैकी कुठल्याही गावाच्या नव्या लेआउटमधून दिवाळीनंतर एक चक्कर मारा. ज्यांची शेती अजून सुटलेली नाही त्यांची गाडी रस्त्यावर धूळ खात उभी असते आणि पोर्चमध्ये छातीएवढा कापूस भरलेला असतो. कापूस गेला की तुरीची पोती येतात. मग चण्याची. फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, युरियाच्या गोण्या यांना तर बारमाही मुक्काम. महालक्ष्म्यांच्या जेवणाची पंगत तिथंच बसते, उन्हाळ्यात कुरड्या तिथंच वाळतात, आणि घरात कुणी गेलं तर लोक येऊन टेकतात तेही तिथंच. एवढी कामं करणाऱ्या जागेला हॉलपेक्षा कमी विचार का मिळावा, हे मला अजून कळलेलं नाही.

हा विषय निघाला तो भाच्यामुळे. दारव्ह्याला त्याचं घर उठतंय. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या कुठल्याशा गॅरेजचा व्हिडिओ पाहिला. राखाडी, काचेसारखी चमकणारी जमीन, तिच्यात पांढरे-काळे ठिपके, आणि तिच्यावर एक लाल गाडी. ‘मामाजी, आपल्या पोर्चले इपॉक्सी मारायची का?’

इपॉक्सी वाईट नाही. आपल्या घरात ती कितीतरी वर्षांपासून आहे, अरल्डाइटच्या दोन ट्यूबांच्या रूपानं. 1946 साली स्वित्झर्लंडमधल्या एका औद्योगिक प्रदर्शनात ते पहिल्यांदा बाजारात आलं. एका ट्यूबमध्ये रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही कालवले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही तासांत त्याचा दगड होतो. जमिनीवर ओततात ती इपॉक्सी याच जातीची, फक्त ट्यूबऐवजी डब्यात. औषधाच्या कारखान्यात, दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात ती उत्तम टिकते. तेल सांडलं तर फडक्यानं निघतं, धूळ बसायला फट नसते. अमेरिकेतही ती योग्य जागी आहे. तिथलं गॅरेज चारी बाजूंनी बंद असतं, वर शटर, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ टायरला चिकटून आत येतं. त्या मिठापासून काँक्रीट वाचवायला वरून काहीतरी हवंच.

आपला पोर्च दोन किंवा तीन बाजूंनी उघडा. दुपारी चारचं ऊन थेट आत येतं. साधी इपॉक्सी उन्हात पिवळी पडते, पुढं वरून खडूसारखी भुकटी सुटू लागते. ते टाळायचं तर तिच्यावर पॉलियुरेथेनचा आणखी एक थर द्यावा लागतो, म्हणजे खर्च वाढला. शिवाय साध्या तापमानाला सुकणाऱ्या बऱ्याच इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास नरमायला लागतात. मे महिन्यात हवेचाच पारा 45 ला टेकतो, तिथं उन्हातल्या जमिनीचं काय होत असेल ते अनवाणी पाय टाकून बघा. त्यात नागपूरहून तापलेल्या टायरांनी आलेली गाडी तिच्यावर उभी राहिली की टायरमधली तेलकट द्रव्यं रंगात उतरतात, टायर थंड होताना रंगाला धरून ठेवतो, आणि सकाळी गाडी काढताना चार चकत्या टायरबरोबर निघून येतात. बाहेरदेशी या तक्रारीला स्वतंत्र नाव आहे, इतकी ती नेहमीची. आणि पावसाळ्यात ओल्या चपलांनी आलेल्या म्हाताऱ्या माणसाची गोष्ट तर काढूच नका. रंग ओला असतानाच त्यावर बारीक क्वार्ट्झची रेती भुरभुरली तर घसरण कमी होते, पण मग ती काचेसारखी चमक जाते, आणि भाच्याला तर तीच हवी होती.

पण हे सगळे दोष वरचे झाले. यवतमाळात खरा प्रश्न खालून येतो.

आपल्या जिल्ह्याचा बराच भाग काळ्या बेसाल्टवर बसलेला, आणि त्या खडकाची झीज होऊन झालेली काळी माती ही आपली श्रीमंती. कापूस हिच्याच जिवावर पिकतो, कारण ती पाणी धरून ठेवते. पाणी धरलं की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आता ह्याच मातीवर पोर्च बांधा. घराच्या भिंती खोल पायव्यावर, बीमवर उभ्या असतात, त्या हलत नाहीत. पोर्चची जमीन मात्र बहुतेक ठिकाणी नुसती भरावावर टाकलेली. पहिल्या पावसाळ्यानंतर घराच्या जोत्याला लागून केसाएवढी भेग दिसते, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर तिच्यात नाणं उभं राहतं. त्यावर पुट्टी भरा, रंग मारा, टाइल लावा, भेग आपल्या जागी परत हजर.

त्यात आपली एक खास खोड. पायव्याचे खड्डे खोदताना निघालेली काळी माती बाहेर फेकायला ट्रॅक्टरचे पैसे पडतात, म्हणून तीच पोर्चच्या भरावात लोटतात. वर मुरमाचा हात फिरवला की मालकाला काय दिसणार? एका जुन्या मिस्त्रीनं भाच्यासमोरच सांगितलं, ‘काकाजी, वरचं तं कोनीबी चमकवते. खाली काय भरलं थे इचारा.’ फरशीवर मी वाचलेल्या सगळ्या मजकुरापेक्षा हे एक वाक्य कामाचं.

तर खालून सुरुवात करायची. काळी माती निघेल तेवढी काढायची आणि मुरूम भरायचा, एकदम नाही, सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी मारून आणि धुमसून. त्यावर दगडाचं सोलिंग, फटींत चुरी. मग जाड प्लास्टिकचा कागद. हा कागद म्हटला की मिस्त्री हसतात, पण ओल वर चढू द्यायची नसेल तर इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. काँक्रीट म्हणजे पाणी न पिणारा दगड असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्यात सुईच्या टोकाहून बारीक वाटा असतात आणि जमिनीतली ओल त्यांतून वर येत राहते. उघड्या काँक्रीटवरून ती हवेत उडून जाते, आपल्याला पत्ता लागत नाही. वरून इपॉक्सीचं झाकण लावलं की तिची वाट बंद होते. मग ती खालून रेटते आणि तव्यावरच्या भाकरीसारखा रंगाचा पापुद्रा सुटतो.

ओल आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. दीड फूट लांब, दीड फूट रुंद प्लास्टिकचा तुकडा घ्या, जमिनीवर चारी कडांनी टेपनं घट्ट चिकटवा आणि संध्याकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत, किमान सोळा तास, तसाच ठेवा. उचलल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलेलं दिसलं, तर रंगवाल्याला परत पाठवा. ही परीक्षा पावसाळ्यात करावी. मे महिन्यात आपल्याकडे नाल्यासुद्धा पास होतील.

ओलीचं हे दुखणं गाडीला फारसं बाधत नाही, कापसाला बाधतं. सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर 8 टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव. त्याच्या वर प्रत्येक टक्क्यामागं कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. तीन महिने पोर्चमध्ये पडलेल्या गंजीचा खालचा थर जमिनीची ओल पितो, पिवळा पडतो, आणि ग्रेडर नेमका हात तिथंच घालतो. ताडपत्री अंथरतात सगळेच, पण ताडपत्रीला भोकं असतात. म्हणजे काँक्रीटखाली घातलेल्या त्या प्लास्टिकच्या कागदाचे पैसे कापसाच्या भावात वसूल होतात. मोबाइलमधल्या अमेरिकन माणसाला हे सांगण्याचं कारणच नाही.

आता वर काय? फरशीवाल्याकडे गेलात तर तो तुम्हाला कोटा, शहाबादी आणि तांडूर दाखवेल. कोटा राजस्थानातून, रामगंज मंडीच्या खाणींतून येतो, शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, तांडूर तेलंगणातून. तिन्ही चुनखडीचे दगड. चुनखडी आपल्याकडेही आहे, वणी-मुकुटबनच्या पट्ट्यात मुबलक. पण ती फरशी होऊन घरात येत नाही. राजूरच्या भट्ट्यांत तिचा चुना झाला, आणि 2022 पासून मुकुटबनच्या कारखान्यात तिचं सिमेंट होतं. पोर्चला बिनपॉलिशची जाड शहाबादी किंवा रफ कोटा छान दिसतो, पायाला थंड लागतो, टायरखाली दबत नाही. जुन्या वाड्यांत बंडीची लोखंडी धाव अशाच दगडांवरून आत यायची. एक सांभाळायचं. चुनखडीला आम्ल चालत नाही. बॅटरीचं पाणी सांडलं, किंवा बाथरूम धुवायचं ॲसिड हौसेनं पोर्चमध्ये ओतलं, की बुडबुडे येतात आणि आम्ल दगडाचा वरचा पदर खाऊन टाकतं. तो डाग जन्मभराचा.

हॉलच्या गुळगुळीत टाइल्स पोर्चला लावू नयेत. ओल्या असल्या की पाय घसरतो, आणि खाली मसाल्याचे चार गोळे ठेवून बसवलेली टाइल मध्ये पोकळ राहते, चाकाखाली कडक्कन बोलते. खास पार्किंगची म्हणून मिळते ती जाड, खडबडीत टाइल बरी, पण तिच्या नक्षीत माती बसते आणि झाडणाऱ्या बाईला रोज शिव्या द्यायला कारण मिळतं. सिमेंटच्या गट्टूंबद्दल माझं मत चांगलं आहे. काळी माती हलली की गट्टू तिच्याबरोबर हलतात, फुटत नाहीत. एखादा खचला तर उचलून खाली चुरी घालून परत बसवता येतो. पण फाटकाबाहेर, उतारावर. आत लावले तर फटींत तूर पडेल, मुंग्या येतील, आणि श्रावणात गवत.

माझं मत विचाराल तर साधा कोबा. चार इंच जाड काँक्रीट, चार-चार फुटांचे चौकोन पाडून मध्ये पट्टी, म्हणजे तडा जायचाच असेल तर पट्टीच्या रेषेत जाईल. वरून आरशासारखी घोटाई नको. ओलं असतानाच झाडूचा हलका हात फिरवून खरखरीत ठेवायचा. फाटकाकडे उतार, पंधरा फुटांना दोन इंच पुरतो. जोत्याच्या कडेला, जिथं भेग पडणारच आहे, तिथं आधीच सांधा सोडून तो लवचीक सीलंटनं भरायचा. आणि हवा असेल तर पाण्यासारखा पातळ सिलिकेटचा हार्डनर. तो काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळून आतली छिद्रं भरतो, धूळ सुटू देत नाही. वर थर बसत नाही म्हणून निघायचा प्रश्नच नाही. तेल सांडलं तर डाग पडेल. पडू द्या. इपॉक्सीचीच हौस असेल तर मागच्या बंद खोलीत मारा, जिथं ऊन नाही आणि औजारं आहेत. आणि रंगवाल्यानं फुटाचा भाव सांगितला की जमीन यंत्रानं घासायचे पैसे त्यात धरलेत का हे आधी विचारा. न घासलेल्या जमिनीवर मारलेली इपॉक्सी म्हणजे पैसे ओतणं.

कोब्याची खरी किंमत पाण्यात असते. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं, म्हणून दहा-बारा दिवस तराई करावी लागते. कडेनं बारीक बांध घालून पाणी भरून ठेवायचं किंवा ओली पोती टाकायची. यवतमाळात हे बोलायला सोपं. 2018च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली तेव्हा लोक टँकरमागं धावत होते. कोब्याला पाणी कोण मारणार? त्या वर्षीचे कोबे वरून भुरभुरले असतील तर दोष सिमेंटचा नाही.

म्हणून हंगाम बघायचा. पावसाळ्यात भराव धुमसता येत नाही, एप्रिल-मे मध्ये पाणी नाही. दिवाळी ते फेब्रुवारी एवढाच काळ हाताशी. विहिरीला पाणी असतं, ऊन बेताचं असतं. आणि नेमक्या त्याच काळात पोर्चमध्ये कापूस असतो.

भाच्याला हे सगळं पटलं. इपॉक्सीचा विषय मिटला, कोबा ठरला, मुरमाचा भावही झाला. मिस्त्रीला फेब्रुवारीचा पहिला आठवडा सांगितला होता. पण नव्या घराचं छत टाकल्याबरोबर कापूस तिकडंच नेऊन टाकला होता, वीस-बावीस क्विंटल, आणि भाऊजींच्या मते भाव अजून चढणार आहे. मिस्त्रीनं दोनदा फोन केला. मग त्यानं दिग्रसचं काम धरलं.