बिनघामाचे वीर

कोणतीही अवघड गोष्ट सोपी करून टाकली की तिच्यावर मोठे उपकार झाले, असे समजणाऱ्यांचा एक पंथ आपल्यात फार दिवसांपासून नांदतो आहे. हा पंथ सारांश वाचून कादंबरीवर मत देतो, आलापी गाळून थेट तराण्यावर उडी घेतो आणि गोष्ट सांगणाऱ्याला मध्येच अडवून विचारतो, 'ते राहू द्या हो, शेवटी काय होते ते सांगा!' या पंथाने अलीकडे एका नव्या प्रांतावर स्वारी केली आहे. तो प्रांत म्हणजे जुने जपानी व्हिडिओ गेम. त्यातही ज्यांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात ते, म्हणजे वीराचे सोंग घेऊन, गावोगाव हिंडत, महिना महिना पुरवून खेळावयाचे लांबलचक खेळ. या स्वारीविरुद्ध मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. आणि दिवाळी असली तरी ते फारसे गोड असणार नाहीत.

'व्हिडिओ गेम' हे शब्द वाचताच पान उलटण्याच्या बेतात असलेल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे, क्षणभर थांबावे. २०२१ साली टोकियोला ऑलिंपिकचे उद्‌घाटन झाले, तेव्हा देशोदेशींच्या खेळाडूंचे संचलन सुरू झाले ते अशाच एका खेळाच्या सुरावटीवर. ज्या राष्ट्राने साऱ्या जगासमोर ही सुरावट आपली म्हणून वाजवली, ते काही खुळे नव्हे. शिवाय हा वाद खेळावरून पेटला असला, तरी त्याच्या पोटातला प्रश्न तुमचा-आमचा सर्वांचाच आहे: माणसाने एखाद्या गोष्टीला दिलेला वेळ हा त्या गोष्टीचाच भाग असतो, की नुसता खर्च असतो?

ती सुरावट 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळाची. हा खेळ १९८६ सालच्या मे महिन्यात निघाला. रचना युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. अमेरिकेत 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे याच जातीचे खेळ १९८१ पासून होते. पण ते संगणक बाळगणाऱ्या मूठभर मंडळींचे आणि भलतेच किचकट. होरींनी तो प्रकार घरातल्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, शाळकरी पोराला कळेल अशा भाषेत आणून ठेवला. अख्खा खेळ ६४ किलोबाइटांत बसवलेला! आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्र त्याच्या कित्येक पट जागा खाते.

आता त्या एवढ्याशा जागेत काय होते ते पाहा. राजा तुम्हांला बोलावतो, जगावर संकट आल्याचे सांगतो, आणि त्याच्या दालनातल्या पेटीत तुमच्यासाठी ठेवलेली असतात १२० सोन्याची नाणी. गावातल्या दुकानात साध्या तांब्याच्या तलवारीची किंमत १८०! जग वाचवावयास निघालेल्या वीराला तलवार परवडत नाही. गावाबाहेर यावे तो पाण्यापलीकडे शत्रूचा वाडा समोरच दिसतो, अगदी हाकेच्या अंतरावर. आणि तिथे पोचावयास सारे जग पालथे घालावे लागते. चार पावले टाकली की कोणीतरी आडवे येते. पहिला भेटतो तो 'स्लाइम', निळा, थेंबाच्या आकाराचा, तोंडभर हसणारा गोळा. तुम्ही एक वार करावयाचा, मग त्याची पाळी, मग पुन्हा तुमची. जिंकलात तर अनुभवाचा एक गुण. असे सात गुण जमले की तुम्ही पहिल्या पायरीवरून दुसरीवर. पायऱ्या एकूण तीस.

आणि मेलात तर? तर राजासमोर पुन्हा जिवंत होता. राजा खरडपट्टी काढतो, तुमची निम्मी नाणी जातात. पण अनुभव मात्र एका गुणानेही कमी होत नाही. धन निम्मे गेले तरी अंगात मुरलेले कोणी काढून घेत नाही, या एका नियमात मला होरींचा मोठेपणा दिसतो. इतर व्हिडिओ गेमांत बोटे चपळ लागतात, डोळा तीक्ष्ण लागतो. इथे तसले काहीच लागत नाही. सत्तरीची आजी आणि सात वर्षांचा नातू दोघेही हा खेळ सारख्याच हक्काने पुरा करू शकतात. लागते ती फक्त चिकाटी.

हे पुन्हा पुन्हा तेच लढणे, गुण साठवणे, पायरी चढणे, याला इंग्रजीत 'ग्राइंडिंग' म्हणतात. म्हणजे आपले दळण! मराठीतही 'दळण दळणे' हा शब्द कंटाळ्यासाठीच वापरतात. पण जात्यावर बसले की ओवी सुचते, हेही आपल्याच बायाबापड्यांनी सांगून ठेवले आहे. हात एका लयीत फिरू लागला की मन मोकळे होते. या खेळांत नेमके तेच घडते. तीच सुरावट कानावर, तेच रान डोळ्यांपुढे, आणि काल ज्याच्यापुढे पळ काढला तो लांडगा आज दोन वारांत पडतो. 'तुमची ताकद वाढली' असे निवेदनात सांगितलेले नसते. ती तुम्ही स्वतः, मूठमूठ करून, जात्यात घातलेली असते.

आमच्या सोयीच्या कैवाऱ्यांना नेमके हे दळणच नको आहे. १९९७ सालची 'फायनल फँटसी सेव्हन' २०१५ मध्ये नव्या यंत्रावर आली ती तिप्पट वेगाची कळ आणि आडवे येणारे शत्रू बंद करावयाची कळ घेऊन. त्याच मालिकेच्या पहिल्या सहा खेळांच्या नव्या आवृत्त्या २०२३ मध्ये टीव्हीच्या यंत्रांवर आल्या; त्यांत अनुभवाचे गुण चौपट करून मिळतात. १९८८ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या तिसऱ्या भागाला २०२४ मध्ये नवा साज चढवला, त्यात सर्वांत सोप्या प्रकारात तुमचे वीर मरतच नाहीत. मरणच नसलेल्या वीराला वीर का म्हणावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

या मंडळींचे युक्तिवाद तीन. पहिला, 'आम्हांला वेळ नाही.' वेळ मलाही नाही. नोकरी मलाही आहे. पण रात्री जेवणे उरकल्यावर अर्धा तास खेळून हे खेळ वर्षभर पुरतात, आणि पुरावेत म्हणूनच ते असे आहेत. ज्याला चाळीस तासांचा खेळ दहा तासांत संपवावयाचा आहे, त्याने दहा तासांचा दुसरा खेळ का घेऊ नये? बाजारात ते हवे तेवढे आहेत.

दुसरा युक्तिवाद, 'त्या काळी यंत्रात जागा नव्हती. तीच लढाई शंभरदा लढवून खेळ उगाच लांबवला.' यात तथ्य आहे, मी नाकारीत नाही. पण जात्यावरच्या ओवीचा जन्मही पीठ दळण्याच्या गरजेतूनच झाला; तेवढ्याने ओवी खोटी ठरते काय? अडचणीतून निघालेला मार्ग हा पुष्कळदा कलेचाच मार्ग असतो.

तिसरा युक्तिवाद सर्वांत साळसूद आणि म्हणून सर्वांत घातक. 'आम्हांला गोष्ट महत्त्वाची. लढाया काय, वगळल्या तरी चालतात.' अहो, ती गोष्ट राहते कुठे असे तुम्हांला वाटते? 'फायनल फँटसी सेव्हन'मधली एअरिथ ही फुले विकणारी मुलगी घ्या. तीन डिस्कांच्या त्या खेळात पहिली डिस्क संपता संपता ती मारली जाते, आणि जगभरची मोठमोठी माणसे त्या प्रसंगी रडली. का रडली? तिचे संवाद फार थोर होते म्हणून? मुळीच नाही. त्याआधी पंचवीस-तीस तास ती तुमच्या शेजारी उभी राहून लढलेली असते. तिचे सारे खास डाव हे जखमा भरून काढण्याचे आणि सोबत्यांना सांभाळण्याचे. तुम्ही तिला पायरी पायरीने वाढवलेले असते, स्वतःच्या कमाईतून तिच्यासाठी काठ्या घेतलेल्या असतात. ती जाते, आणि त्या काठ्या सामानात तशाच पडून राहतात. दुसऱ्या कुणाला त्या चालत नाहीत. पुढच्या लढाईत जखमी झाल्यावर हात सवयीने तिच्याकडे वळतो, आणि ती जागा रिकामी असते. लेखकाने जे लिहिले नाही, ते तुमच्या श्रमाने लिहिलेले असते. तिप्पट वेगाने पळत आलेल्याला इथे काय दिसणार? एक मुलगी मेली, एवढी बातमी!

इथवर वाचून जुन्या खेळांचे परमभक्त टाळ्या वाजवू लागले असतील. त्यांनी हात जरा आवरावेत. कारण आता पाळी त्यांची आहे. या भक्तांना जुन्या खेळातला प्रत्येक खड्डा तीर्थकुंड वाटतो. जे जे त्रासदायक ते ते थोर, असे यांचे शास्त्र. मला ते मान्य नाही. दळण निराळे आणि छळ निराळा.

छळाचे नमुने हवेत? पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये खेळ साठवून ठेवण्याची सोय नव्हती. राजा वीस अक्षरांचा एक मंत्र सांगे. तो कागदावर उतरवून दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरावयाचा. १९८७ च्या दुसऱ्या भागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत वाढला. जपानी लिपीत 'बे' आणि 'पे' यांत फरक काय, तर डोक्यावर दोन बारीक रेघा की एक बारीक वर्तुळ! धुरकट पडद्यावरून ते उतरवताना एक चूक झाली की महिन्याची मेहनत मातीत. १९९० च्या 'फायनल फँटसी थ्री'त शेवटचा मनोरा आणि त्यापुढचे अंधाराचे जग या साऱ्या वाटेवर खेळ 'सेव्ह' करण्यास एकही जागा नव्हती. अखेरच्या लढाईत हरलात की कित्येक तासांचे सारे पाण्यात. २००० च्या 'फायनल फँटसी नाइन'मध्ये एक तलवार आहे. ती हवी असेल तर खेळाच्या शेवटच्या ठिकाणी बारा तासांच्या आत पोचले पाहिजे. म्हणजे ज्या खेळाने वाटेत रमावयास शिकवले, तोच इथे रमणाऱ्याला शिक्षा करतो! आणि २००६ च्या 'फायनल फँटसी ट्वेल्व्ह'ने तर कहर केला. उत्तमोत्तम भाला कुणाला मिळणार, तर ज्याने वाटेतल्या चार विशिष्ट पेट्या उघडल्या नाहीत त्याला. त्या पेट्या इतर पेट्यांसारख्याच दिसतात, आणि त्या उघडू नयेत असे खेळात कोणीही सांगत नाही. पेटी दिसली की उघडावी, हे ज्यांनी वीस वर्षे शिकवले, त्यांनीच उघडणाऱ्याचा गळा धरावा, याला कोडे म्हणत नाहीत. याला फसवणूक म्हणतात.

दळण आणि छळ ओळखावयाची माझी कसोटी साधी आहे. तुम्ही घातलेला वेळ त्या जगात तुमच्याजवळ साठतो की नाही? स्लाइम मारून मिळालेला एक गुण साठतो. मेलात तरी साठतो. चुकलेल्या अक्षराने गेलेला महिना साठत नाही. ठाऊकच नसलेल्या पेटीने हुकलेला भाला काही शिकवत नाही. पहिल्या प्रकाराचा जो कंटाळा, तो पिठाच्या रूपाने परत मिळतो. दुसऱ्या प्रकारात नुसती घरघर.

विशेष म्हणजे हा भेद जुन्या कर्त्यांना स्वतःलाच कळला होता. १९९४ च्या 'मदर टू'मध्ये शिगेसातो इतोई यांनी काय केले पाहा. तुम्ही पुरेसे बलवान झालात की दुबळे शत्रू तुम्हांला पाहून पळ काढतात. त्यातूनही एखादा धडकला, तर लढाईवाचूनच जिंकल्याचे जाहीर होते. १९९५ च्या 'क्रोनो ट्रिगर'मध्ये होरी, तोरियामा आणि 'फायनल फँटसी'चे जनक हिरोनोबू साकागुची एकत्र आले. तिथे बहुतेक शत्रू रानात उघड दिसतात, आणि काहींना वळसा घालून जाता येते. ही सोयच आहे, पण ती कमावलेली सोय आहे. दळण पुरे झाले म्हणून जाते थांबले. धान्य न घालताच पीठ मागणाऱ्यांची सोय ती ही नव्हे.

तेव्हा नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांना माझे सांगणे स्पष्ट आहे. 'सेव्ह' करण्याच्या जागा वाढवा, बावन्न अक्षरांचे मंत्र पुरून टाका, फसव्या पेट्यांवर पाटी लावा. मी तुमचे जाहीर आभार मानीन. ज्यांचे हात थरथरतात, डोळे अधू आहेत, त्यांच्यासाठी वेगळ्या कळाही जरूर द्या. रोपवेने रायगडावर जाणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी हसत नाही. तोही 'गड चढून आलो' असे म्हणत नाही. पण धडधाकट गड्यांना पायथ्याशीच माथा विकून, वर 'हाच तो जुना खेळ' असे छापू नका.

आणि या सुट्टीत घरातले एखादे पोर असला खेळ घेऊन बसलेच, तर त्याला एकदम उठवू नका. त्याला एवढेच सांगा की वेगाच्या कळेला हात लावू नकोस. पाण्यापलीकडचा तो वाडा पहिल्याच दिवशी समोर दिसतो, आणि तिथे जावयास महिना लागतो. तो महिना कुणी त्याच्याकडून स्वस्तात विकत घेऊ पाहील. त्याने तो विकू नये.