घोड्याच्या मजलांनीं मोजलेलें अरण्य

अरण्य किती मोठें असावें, या प्रश्नाचें उत्तर एकरांत किंवा मैलांत देण्याची आपणांस संवय आहे. आल्डो लिओपोल्ड या अमेरिकन वनाधिकाऱ्यानें १९२१ सालीं निराळेंच माप सुचविलें. ओझ्याचीं जनावरें बरोबर घेऊन दोन आठवडे हिंडावें, तरी जें संपूं नये आणि ज्यांत सडक किंवा बंगला आडवा येऊं नये, तें खरें अरण्य, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. आमच्या मतें या मापाचें मर्म दिवसांच्या संख्येंत नसून जनावराच्या चालींत आहे. मोटारीनें दोन तासांत ओलांडतां येणारा मुलूख नकाशावर कितीहि विस्तीर्ण दिसो, प्रवाशाच्या लेखीं तो लहानच.

हें माप प्रत्यक्ष अनुभवावयाचें असेल त्यानें अमेरिकेच्या मोंटाना राज्यांतील बॉब मार्शल अरण्यांत जावें. रॉकी पर्वतांतील या १० लाख एकरांहून थोड्या अधिक प्रदेशास १९६४ च्या कायद्यानें संरक्षण मिळालें. मोटारच काय, सायकल किंवा हातगाडीसुद्धां तेथें चालत नाहीं. वाटेवर उन्मळून पडलेले वृक्ष वनखात्याचे लोकहि दोघांनीं ओढावयाच्या करवतीनें कापतात. ज्याचें नांव या अरण्यास दिलें तो बॉब मार्शल स्वतः मात्र पायीं चालणारा होता. एका दिवसांत ३० मैल तुडविणें हा त्याचा छंद! १९३९ सालीं, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षीं, तो वारला.

आपणांसारख्यांस ती चाल झेपणारी नव्हे. म्हणून बसावयास घोडा आणि सामानास खेचरें, असा लमाणी थाटाचा तांडा तेथें भाड्यानें मिळतो. खेचराच्या पाठीवर साधारणतः दीडशे पौंडांचें ओझें घालतात. दोन्ही बाजूंचें वजन जुळलें नाहीं तर खोगीर कलतें व जनावराची पाठ सोलवटते. यास्तव निघण्यापूर्वीं गांठोडीं काट्यावर तोलून घेतात. शाकाहारी मनुष्यानें आपलें डाळ-तांदूळ या तोलांतच बसवून घ्यावें. तांड्याच्या स्वयंपाकावर विसंबून राहूं नये. जवळच्या सडकेपासून एक-दोन मजला आंत गेल्यावर ‘चायनीज वॉल’ म्हणून प्रसिद्ध असलेला, सुमारे २२ मैल लांब व हजार फूट उंच चुनखडीचा कडा दिसूं लागतो. त्याच्या पायथ्यानें घोडा पाऊल पाऊल चालत असतां कड्याचा शेवट कांहीं लवकर येत नाहीं, आणि लिओपोल्डचें माप तेव्हां मांड्यांस व कंबरेस कळूं लागतें.

परंतु घोडा हा त्या अरण्यास निरुपद्रवी पाहुणा नव्हे. त्याच्या चंदी-वैरणींतून परक्या तणांचें बीं आंत शिरतें. म्हणून तणविरहित असल्याचा दाखला असलेलीच वैरण नेण्याचा नियम आहे. झाडाच्या खोडास बांधलेला घोडा रात्रभर मुळें उकरतो. यास्तव दोन झाडांच्या मध्यें उंच दोर ताणून त्यालाच जनावरांची दावण बांधतात. ग्रिझली अस्वलांच्या भीतीनें अन्न जमिनीपासून १० फूट उंच व खोडापासून ४ फूट दूर टांगतात, किंवा भक्कम पेट्यांत ठेवतात. असा जाच ज्यास सोसवत नाहीं त्यानें घरींच राहावें, हें आम्ही निःसंकोचपणें लिहितों.

हा प्रदेश ‘अस्पृष्ट’ असल्याचें प्रवासी कौतुकानें सांगतात, तें मात्र अर्धसत्य होय. ब्लॅकफीट, सालिश, कूटेनाय या लोकांचा वावर या डोंगरांत शतकानुशतकें होता. घोडा त्यांच्या हातीं अठराव्या शतकांत आला. खिंडींच्या वाटा त्याच्याहि पूर्वीं मनुष्याच्या पायांनीं पडल्या होत्या.

तांड्यांतील एक रीत आम्हांस विशेष वाटते. खेचरांस घोडीचा मोठा लळा असतो. म्हणून पुष्कळ ठिकाणीं रात्रीं एका घोडीच्या गळ्यांत घंटा बांधून तिला चरावयास सोडतात. बाकीचीं तिला सोडून फारशीं लांब जात नाहींत. पहांटे राखणदार प्रथम स्वस्थ उभा राहून घंटेचा नाद कोणत्या दिशेनें येतो तें ऐकतो, मग मोरख्या खांद्यावर टाकून दंवांतून तिकडे चालूं लागतो.