आज्ञाधारकांच्या राज्यातले दोन अपराधी

आपल्या समाजाच्या बैठकींत पोर्तुगालचा विषय निघाला की कुणीतरी ज्येष्ठ गृहस्थ हमखास म्हणतात, "काही झाले तरी सालाझार देवभीरू होता. साधा राहिला, चर्चचा मान राखला." गोव्याकडे हे वाक्य उसासा टाकून उच्चारले जाते, वसईकडे ऐकीव आदराने. या वाक्यातला एकही शब्द आम्हांला खोडून काढायचा नाही. हा मनुष्य खरोखरच व्हिसेऊच्या सेमिनरीत शिकला. लिस्बनचे कार्डिनल सेरेजेइरा त्याचे कोइंब्राच्या दिवसांपासूनचे स्नेही. ७ मे १९४० रोजी त्याच्याच राजवटीने परमपीठाशी करार केला आणि पोर्तुगालातील ख्रिस्तसभेला तिचे स्थान पुन्हा मिळाले. हे सारे मान्य. परंतु देवभीरूपणाचा दाखला पुढे केला की सत्तेचे सर्व हिशेब चुकते झाले, असे जे आपण मुकाट्याने धरून चालतो, त्याच्याशी आमचे भांडण आहे. त्यासाठी आम्ही दोन माणसांची साक्ष काढतो. दोघेही सालाझारच्याच राजवटीतले बडे अधिकारी आणि दोघांनीही ऐन युद्धप्रसंगी त्याची आज्ञा मोडली.

पहिले आरिस्तिदेस दे सौझा मेंदेस. जन्म १८८५, व्हिसेऊ जिल्ह्यातील काबानास दे व्हिरियातू या गावचा. सालाझारही त्याच जिल्ह्यातला, चार वर्षांनी धाकटा, आणि दोघेही कोइंब्रा विद्यापीठातच कायदा शिकलेले. सौझा मेंदेस चौदा मुलांचे वडील, परंपरेने कॅथलिक, राजनिष्ठ घराण्यातले. बंडखोरीचा वाराही न लागलेला हा गृहस्थ १९३८ पासून फ्रान्समधील बोर्दो येथे पोर्तुगालचा कॉन्सल होता. नोव्हेंबर १९३९ मध्ये लिस्बनहून परिपत्रक क्रमांक १४ निघाले. ज्यांचे राष्ट्रीयत्व वादग्रस्त आहे असे लोक, देशहीन झालेले लोक, मायदेशातून हाकलले गेलेले ज्यू यांना लिस्बनच्या पूर्वसंमतीवाचून व्हिसा द्यावयाचा नाही, असा हुकूम त्यात होता. हे परराष्ट्र खाते त्या काळी सालाझारने स्वतःकडेच ठेवलेले होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. हाताखालच्या कुणा कारकुनाची ही करामत नव्हती.

त्याच महिन्यात सौझा मेंदेस यांनी आर्नोल्ड विझ्निट्झर या ऑस्ट्रियन ज्यू प्राध्यापकाला संमतीची वाट न पाहता व्हिसा दिला आणि वरिष्ठांनी जाब विचारला, तेव्हा माणुसकीचे कारण दिले. ताकीद मिळाली. म्हणजे जूनमध्ये जे घडले ते भावनेच्या भरात घडले, असे म्हणण्याची सोय नाही. आपण काय मोडतो आहोत आणि त्याची किंमत काय पडणार, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१४ जून १९४० रोजी जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. उत्तरेकडून लोटलेला निर्वासितांचा लोंढा बोर्दोत येऊन अडला. कॉन्सलच्या दारात, जिन्यावर, फुटपाथवर माणसेच माणसे. हाईम क्रूगर नावाचे एक रब्बी आपल्या कुटुंबासह त्यांच्या घरी उतरले होते. सौझा मेंदेस यांनी त्यांच्यापुरते व्हिसा देऊ केले. रब्बींनी ते नाकारले. बाहेर आपले बांधव उघड्यावर पडले असता आपण एकट्यानेच सुटावे, हे त्यांच्या मनाला पटेना. या नकारानंतर सौझा मेंदेस काही दिवस अंथरुणाला खिळले. उठले ते निश्चय करूनच. १७ जूनपासून त्यांनी जो येईल त्याला व्हिसा देण्यास आरंभ केला. राष्ट्रीयत्व, वंश, धर्म, काहीही विचारायचे नाही. मुलगे मदतीला बसले, सही आखूड होत होत नुसती 'मेंदेस' उरली. बोर्दोत, मग बायोनला, मग स्पेनच्या सीमेवर आंदाय येथे, हे काम चालू राहिले. हजारो माणसे त्या कागदांवर वाचली. सालाझारचा माद्रिदमधील राजदूत धावत आला आणि या कॉन्सलचे भान सुटले आहे असे त्याने वर कळविले. (आपल्या प्रभूलाही आप्तांनी भ्रमिष्टच ठरविले होते, हे मार्काच्या शुभवर्तमानात नमूद आहे. करुणेवर हा शेरा पुरातन काळापासून मारला जातो.)

येथे सालाझारची बाजू घेणारे एक मुद्दा मांडतात आणि तो अगदीच पोकळ नाही. देश तटस्थ होता, शेजारी फ्रँको, पलीकडे हिटलर. राष्ट्राचे तारू बुडू नये म्हणून नावाड्याने कठोर व्हायला नको का? आमचे उत्तर असे. तटस्थता दोन सैन्यांच्या बाबतीत असते. मारेकरी आणि त्याच्यापुढून पळणारे लेकरू यांच्या बाबतीत ती नसते. शिवाय परिपत्रकाने माणसांची वर्गवारी केली होती ती त्यांच्या कृत्यांवरून नव्हे, जन्मावरून. आणि समजा, जून १९४० चे भय खरे होते. मग शिक्षेचे काय? शिस्तभंगाची चौकशी झाली, तेव्हा मंडळाने पदावनतीची शिफारस केली. सालाझारला ती अपुरी वाटली. ३० ऑक्टोबर १९४० रोजी त्याने स्वतः निकाल दिला: एक वर्ष अर्ध्या वेतनावर कामाविना, आणि मग सक्तीची निवृत्ती. १९४५ मध्ये युद्ध संपले, हिटलर मातीत गेला, सौझा मेंदेस यांनी न्यायासाठी दाद मागितली. उत्तर आले नाही. तेव्हा कोणते तारू बुडत होते? लिस्बनच्या ज्यू समाजाने चालविलेल्या अन्नछत्रात या कुटुंबाला जेवावे लागले. मुले देशोदेशी पांगली. ३ एप्रिल १९५४ रोजी फ्रान्सिस्कनांच्या रुग्णालयात ते वारले, कर्जबाजारी आणि बदनाम. युद्ध हे निमित्त होते. अधिकाऱ्याला अवज्ञा सहन होत नाही, हे कारण होते.

दुसरी साक्ष आपल्या अंगणातली. डिसेंबर १९६१. भारतीय सेना गोव्याच्या सीमेवर उभी. गव्हर्नर जनरल मान्युएल वासालो ए सिल्वा यांच्या हाताशी तीन-चार हजार सैनिक, जुनी शस्त्रे, एक जुने लढाऊ जहाज. १४ डिसेंबरला सालाझारची तार आली. तहाची शक्यता नाही, पोर्तुगीज कैदीही असणार नाहीत. सैनिक आणि खलाशी एकतर विजयी होतील नाहीतर मरतील, असा तिचा आशय. हजारो मैलांवर बसून हा देवभीरू राज्यकर्ता दुसऱ्यांच्या लेकरांचे हौतात्म्य ठरवीत होता. वासालो ए सिल्वा यांनी १९ डिसेंबरच्या संध्याकाळी शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास जीव गेले. ती तार अक्षरशः पाळली गेली असती तर पणजीच्या आणि मुरगावच्या रस्त्यांवर काय झाले असते, त्याची कल्पना गोव्यातील वाचकांनी करावी.

ते वसाहतीचे गव्हर्नर होते. गोमंतकीय देशभक्तांना कोठडीत डांबणाऱ्या राजवटीचे ते प्रमुख होते, आणि आम्ही त्यांना संत करायला निघालेलो नाही. परंतु त्या एका दिवशी मानापेक्षा माणसे त्यांना मोठी वाटली, एवढे श्रेय त्यांचे त्यांना द्यावे. १९६३ साली सालाझारने त्यांना सैन्यातून बडतर्फ केले. त्यांची प्रतिष्ठा त्यांना परत मिळाली ती १९७४ च्या क्रांतीनंतर.

'चर्चचा मान राखला' म्हणणाऱ्यांना आणखी एक नाव सांगावेसे वाटते. पोर्तोचे बिशप आंतोनियो फेरेइरा गोमेस यांनी १९५८ साली सालाझारला पत्र लिहून गरिबांची आणि स्वातंत्र्याची बाजू मांडली. १९५९ पासून दहा वर्षे या बिशपांना स्वदेशात पाऊल टाकता आले नाही. मान होता तो गप्प बसणाऱ्या चर्चचा.

आता आपल्याकडे वळतो. अधिकारी देवाने नेमलेले आहेत, हे संत पौलाचे रोमकरांस लिहिलेले वचन आपल्या मुलांना तोंडपाठ असते. न्यायसभेपुढे उभ्या राहिलेल्या पेत्राने माणसांहून देवाची आज्ञा श्रेष्ठ मानली, हे मात्र प्रेषितांच्या कृत्यांतच मिटून राहते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट सांगितले की अमानुष हुकूम देणे हा गुन्हा आहे, आंधळे आज्ञापालन ही त्यावरची सबब नव्हे आणि अशा हुकमांना उघड विरोध करणारे गौरवास पात्र आहेत. किती धर्मग्रामांत यावर प्रवचन झाले? आपली मुले आज पोलिसात आहेत, सैन्यात आहेत, कचेऱ्यांत शिक्के मारीत आहेत. जमावावर गोळी चालविण्याचा, निर्वासिताचा अर्ज दाबून ठेवण्याचा हुकूम त्यांच्यापर्यंत कधीच येणार नाही, याची हमी कोण देतो? तो येईल तेव्हा आम्ही त्यांना कोणते शिक्षण दिलेले असेल? वडिलांचे ऐका, फादरांचे ऐका, साहेबांचे ऐका, एवढेच ना?

कुणी म्हणेल, प्रत्येकाने विवेकाचे नाव घेऊन हुकूम मोडायचा ठरविले तर जग चालेल कसे? ज्याला स्वतःची सोय पाहायची असते तोही विवेकाचेच नाव घेतो, हे खरे. पण फरक ओळखणे अवघड नाही. सौझा मेंदेस यांनी आज्ञा मोडून काय मिळविले? हुद्दा गेला, पगार गेला, मुले पांगली, घरही कर्जापायी गेले. त्यांच्या अवज्ञेची किंमत त्यांनी स्वतः मोजली. सालाझारच्या आज्ञांची किंमत नेहमी दुसऱ्यांनीच मोजली.

इस्राएलच्या याद वाशेमने १९६६ मध्ये सौझा मेंदेस यांचा सन्मान केला. पोर्तुगालच्या संसदेने १९८८ मध्ये त्यांच्यावरील कारवाई रद्द केली आणि २०२१ साली राष्ट्रीय स्मारक मंदिरात त्यांचे नाव कोरले गेले. पोप फ्रान्सिस यांनी १७ जून २०२० रोजी विवेकदिनानिमित्त त्यांचा नामोल्लेख केला. इतके होऊनही आमच्या बैठकींत सालाझारचे नाव निघते, त्यांचे निघत नाही. म्हणून आमच्या धर्मगुरूंना आणि धर्मशिक्षण देणाऱ्या भगिनी-बंधूंना आम्ही जाहीरपणे विचारतो: यंदाच्या दृढीकरणाच्या वर्गात बोर्दोची ही हकीकत मुलांना सांगितली जाणार आहे काय?