देहूरोडच्या लाल रेषेतील घर

घर विकावे की राखावे, हा एरवी ज्याच्या त्याच्या संसाराचा प्रश्न होय. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, निवृत्तीनंतरची गावाची ओढ, यांचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा. त्यात वृत्तपत्राने पडण्याचे कारण नाही. परंतु देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती, तळवडे, रुपीनगर, यमुनानगर, किवळे यांच्या काही भागांत, हा प्रश्न खाजगी उरलेला नाही. तेथे घरमालक आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये ‘रेड झोन’ची रेषा उभी आहे.

या रेषेचे मूळ १९०३ च्या ‘वर्क्स ऑफ डिफेन्स’ कायद्यात आहे. त्यान्वये संरक्षणविषयक वास्तूपासून २००० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १८२९ मीटरपर्यंत, लष्कराच्या लेखी संमतीवाचून बांधकाम करण्यास वा असलेले वाढविण्यास मनाई करता येते. ही मनाई निष्कारण आहे असे कोणी म्हणू नये. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या कोठारात झालेल्या स्फोटाने अनेकांचे बळी घेतले आणि आसपासच्या ग्रामस्थांना रातोरात घरे सोडावी लागली. अंतर राखलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की, त्या अंतराची किंमत कोणी द्यावी?

आज ती घरमालक देत आहे. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली आणि त्यांतील कित्येकांनी गुंठा-अर्धा गुंठा घेऊन डोक्यावर छप्पर उभारले. आता बांधकामाला परवानगी नाही, म्हणून कर्ज दुरापास्त. कर्ज नाही, म्हणून गिऱ्हाईक थोडे. आणि जे येते ते भाव पाडून मागते. अशा कोंडीत सापडलेल्या माणसाला एक आडवाट खुणावते: मुद्रांकावर कुलमुखत्यारपत्र लिहून द्यावे, रेषेविषयी मौन पाळावे आणि पैसे घेऊन मोकळे व्हावे.

हा मार्ग आम्हांस सर्वस्वी त्याज्य वाटतो. केवळ कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मिळकतीतील जो दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास सहज कळण्याजोगा नाही, तो उघड करण्याचे कर्तव्य १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विकणाऱ्यावर घातले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या गळ्यातील धोंड आपल्याचसारख्या दुसऱ्या कष्टकऱ्याच्या गळ्यात अडकविणे याला व्यवहार म्हणत नाहीत. येथून जवळच, इंद्रायणीच्या डोहात, तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते बुडविली असे परंपरा सांगते. त्यांनी सोडला तो स्वतःचा हक्क. स्वतःचा भार दुसऱ्यावर लोटला नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. ज्यांची उपजीविका या परिसरात आहे आणि ज्यांना पैशाची निकड नाही, त्यांनी घर राखावे. मात्र आणखी मजले चढविण्याचा मोह आवरावा. ज्यांना विकणे भागच आहे, त्यांनी सर्व हकीकत लेखी सांगून, रीतसर नोंदणी करून विकावे, मग भाव चार पैसे कमी आला तरी चालेल.

परंतु सामान्य माणसाकडून एवढ्या सचोटीची अपेक्षा करणाऱ्या सरकारने स्वतःची सचोटीही दाखविली पाहिजे. बंधन लागू असलेल्या प्रत्येक सर्व्हे नंबराची नोंद सातबाऱ्यावर वा मिळकतपत्रिकेवर हवी, म्हणजे घेणारा फसणार नाही आणि विकणाऱ्याला लपविण्याची सोय उरणार नाही. शिवाय ज्या कायद्याने मनाई केली, त्याच कायद्यात नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. मनाईचे कलम तेवढे वाचायचे आणि भरपाईच्या कलमांवर धूळ साचू द्यायची, हा न्याय नव्हे. देशाच्या रक्षणासाठी लागणारे अंतर साऱ्या देशाचे आहे; त्याचे मोल एकट्या देहूरोडच्या घरमालकाने का चुकवावे?