घरचा घेवडा कच्चा खाऊ नका

“डॉक्टर, आता भाजी घरचीच. फवारणी नाही, खत शेणाचं. घेवड्याच्या शेंगा वेलावरून तोडतो आणि तशाच सॅलडमध्ये घालतो.” असं सांगणारे पेशंट अलीकडे बरेच भेटतात. बहुतेक जण निवृत्त झालेले, गच्चीवर किंवा परसात बाग करणारे. बागेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आक्षेप आहे तो फक्त ‘तशाच’ या शब्दाला.

फवारणी नसलेली भाजी म्हणजे निर्धोक भाजी, असा आपला समज झाला आहे. पण काही विषं बाटलीतून येत नाहीत, झाड ती स्वतःच तयार करतं. घेवडावर्गीय झाडांच्या दाण्यांत लेक्टिन नावाची प्रथिनं असतात. किडींनी आणि जनावरांनी दाणे खाऊ नयेत म्हणून झाडाने केलेली ही सोय समजा. राजम्यात आणि श्रावणघेवड्याच्या (म्हणजे फरसबीच्या) दाण्यांत यातलं फायटोहिमॅग्लुटिनिन भरपूर असतं. ते आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटतं आणि त्याला इजा करतं. राजम्याचे चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, मग जोरदार उलट्या, पाठोपाठ पोटदुखी आणि जुलाब. धडधाकट माणूस काही तासांत सावरतो. पण सत्तरीतले, लघवी वाढवणारी गोळी घेणारे किंवा मधुमेहाची औषधं चालू असलेले लोक इतक्या उलट्या-जुलाबांत लवकर कोरडे पडतात आणि त्यांना सलाईन लावायची वेळ येऊ शकते.

२००६ च्या मे महिन्यात जपानमध्ये एका टीव्ही कार्यक्रमाने वजन कमी करण्याचा उपाय सांगितला: पांढरा घेवडा तव्यावर दोन-तीन मिनिटं भाजा, पूड करा आणि भातावर भुरभुरा. शंभराहून जास्त लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले, काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. आपल्याकडे हे काम व्हॉट्सअ‍ॅप करतं. ‘मोड आलेला कच्चा राजमा, प्रोटीनचा खजिना’ अशा मजकुराला माझं उत्तर एकच आहे: मोड आल्याने हे द्रव्य पूर्ण जात नाही. मूग-मटकीचा नियम राजम्याला लावू नका.

अर्धवट शिजवणंही तितकंच वाईट. मंद आचेवर, उकळी न येता तासन्‌तास ठेवलेला राजमा मऊ होतो, पण त्यातलं लेक्टिन मोडलेलं नसतं. परदेशात मुलांकडे राहणाऱ्यांनी स्लो कुकर वापरताना हे विशेष ध्यानात ठेवावं. दाणे रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. आपला साधा प्रेशर कुकर उत्तमच, कारण त्यात तापमान शंभर अंशांच्या वर जातं. कोवळ्या शेंगांत दाणे लहान, म्हणून धोका कमी. तरी त्याही मऊ होईपर्यंत, दहा मिनिटं तरी शिजवाव्यात. फोडणीत दोनदा परतून ‘क्रंची’ ठेवायचा हट्ट सोडून द्या.

वालाचं शास्त्र थोडं निराळं. वाळलेल्या वालांत, विशेषतः गडद रंगाच्या आणि कडू वालांत, सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं आणि पचनात अडथळा आणणारे घटक असतात. कोकणात बिरड्यासाठी वाल भिजवायचे, पाणी टाकायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, सालं काढायची आणि मग नीट शिजवायचे, या खटाटोपाला म्हणूनच अर्थ आहे. भिजवण्याने आणि शिजवण्याने हे घटक बरेच कमी होतात. सालं काढायचा कंटाळा येतो हे मान्य, पण पाणी टाकायचा कंटाळा करू नका.

एवढं वाचून वेल उपटू नका! इंग्लंडमध्ये परसात बांबूंवर चढवलेला लाल फुलांचा रनर बीन पाहिला असेल. त्याचे दाणेही असेच शिजवावे लागतात, आणि तिथले लोक तो आवडीने लावतात. आपल्या उन्हाळ्यात त्याची फुलं गळतात, म्हणून त्याच्या नादी लागू नका. आपल्याकडे वालपापडी किंवा वेलाचा घेवडा लावा. पंधरा इंच खोल कुंडी, चार-पाच तास ऊन, बोटाच्या एका पेराइतकं खोल दोन-तीन बिया आणि चढायला सुतळी, एवढं पुरे. वालाचे बरेच गावठी वाण दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलतात. पावसाळाभर नुसती पानं आली म्हणून युरिया टाकू नका. त्याने आणखी पानंच येतील. मावा पडला तर पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो.

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी आणखी सांगतो. दुकानातून आणलेलं बियाणं गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसत असेल तर त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं. उरलेलं बी डाळीच्या डब्यांजवळ ठेवू नका, भिजत तर मुळीच घालू नका. नातवंडांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून, ताटली घासून घ्या. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. एका वेलासाठी सगळ्या इमारतीला ताप नको.

फायद्याबद्दलही खरं सांगायला हवं. कोवळ्या शेंगांत १०० ग्रॅममागे प्रोटीन जेमतेम दोन ग्रॅम असतं. प्रोटीन हवं असेल तर वाळलेले दाणे, ज्यांत ते वीस ग्रॅमच्या वर असतं. शेंगांचा उपयोग फायबरसाठी, आणि ताटातला भात थोडा कमी होण्यासाठी. शेंगांचा काढा पिऊन मधुमेहाची गोळी बंद करणारे लोक मला भेटले आहेत. त्यांची शुगर काढ्याला बधली नाही. रोज सकाळी गच्चीचे जिने चढून पाणी घालण्याचा मात्र त्यांना नक्की उपयोग झाला असता.

आणि कोणी कच्चे दाणे खाल्लेच, उलट्या सुरू झाल्या, तर ओआरएस घोट घोट द्या. उलटी थांबवण्यासाठी घरात पडलेली गोळी अंदाजाने देऊ नका. लघवी कमी झाली, गुंगी आली, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं, किंवा पेशंट लहान मूल, गरोदर बाई अथवा वयस्कर असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका. दवाखान्यात येताना त्या बियाही सोबत आणा.