कारागिरांचे शब्दधन

ईयोबाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात मनुष्याच्या झरझर सरणाऱ्या दिवसांस विणकराच्या धोट्याची उपमा दिलेली आहे. तो भाग वर्गात वाचीत असता आम्ही सहज विचारले, "धोटा म्हणजे काय?" सारा वर्ग स्तब्ध! ज्या नांदेडची तलम मलमल एके काळी नावाजलेली होती, तेथील मुलांस धोटा ठाऊक नसावा, ह्याचे आम्हांस वाईट वाटले. मागावरील ताण्याच्या उभ्या सुतांतून बाण्याचे आडवे सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. तो ज्याने पाहिला नाही, त्यास त्या उपमेतील वेग कसा कळावा?

'तंत्रज्ञान' हा शब्द आमचे विद्यार्थी मोठ्या अभिमानाने उच्चारतात. परंतु 'तंत्र' ह्या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ मागच होय. सोनार ज्या काळ्या दगडावर सोन्याचा कस पाहतो ती 'कसोटी'. आज ती मुलांस क्रिकेटच्या सामन्यामुळेच काय ती ठाऊक. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' ह्यापासून आला. मग नाटकाच्या सूत्रधारास मान आणि सुतारास कमीपणा, हा कोठला न्याय? इंग्रजीत वडिलोपार्जित मौल्यवान वस्तूस 'हेअरलूम' म्हणतात. त्यातील 'लूम' म्हणजे आज माग. पूर्वी त्याचा अर्थ कोणतेही हत्यार असा होता. वारशाने आलेले हत्यार हेच त्या लोकांनी धन मानले!

वडिलांचा धंदा विचारताच मान खाली घालणारी मुले आम्ही पाहिली आहेत. बलुतेदारीने मनुष्यास जन्माच्या धंद्याशी जखडले, हा अन्यायच होता. कुंभाराच्या मुलाने चाकावरच बसावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. रूढीची बेडी तुटावी, पण तिच्याबरोबर हातांचे कसब व त्याची भाषा टाकून देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. प्रभू येशूनेही सुतारकाम केले. मग रंध्याची लाज कोणी का धरावी?

मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती झाली. असे पुष्कळ शब्द त्यात नोंदलेले आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनीही ह्या सुटीत नांदेड-लातूरकडील आपापल्या गावी आजी-आजोबांपाशी बसून दहा हत्यारांची नावे, त्यांची चित्रे व त्यांचा उपयोग वहीत उतरून आणावा. पालकांस विनंती इतकीच, की मुलाने विचारले असता "आता त्याचे काय काम?" असे म्हणू नये. सांगणारे आहेत तोवरच विचारून घेतले पाहिजे.