फॉरवर्ड करण्याआधी गॅझेटिअर उघडा की!

आपल्याकडे प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक इतिहासकार असतोच. जयंती आली किंवा चौकाच्या नावाचा वाद निघाला, की त्याचा मेसेज पडतो. खाली ठोकून दिलेलं असतं, 'गॅझेटिअरमध्ये नोंद आहे'. कुठल्या गॅझेटिअरमध्ये, कुठल्या पानावर? ते नसतं. आणि तेवढ्यावर पोरं एकमेकांच्या अंगावर जातात.

मंडळी, ते गॅझेटिअर काही कुलपात ठेवलेलं नाही. सोलापूर जिल्ह्याचा खंड १८८४ साली छापला गेला. इंटरनेट अर्काइव्हवर तो फुकट आहे, मोबाईलवर उघडतो. फक्त शोधताना इंग्रजी नाव जुन्या स्पेलिंगने टाका. तेव्हा सोलापूरचं 'शोलापूर' होतं, पुण्याचं 'पूना'. आजचं स्पेलिंग टाकून काही सापडलं नाही, की माणूस म्हणतो ऑनलाइन काही नाहीच.

पंढरपूर, बार्शी, करमाळा, सगळ्यांवर त्यात मजकूर आहे. १८७६-७७ च्या दुष्काळाची हकीकत तर प्रत्येकाने वाचावी. पिकं, बाजार, रस्ते, शाळा, सगळं आहे. पण लिहिणारे इंग्रज सरकारचे लोक, हे विसरू नका. जातीजमातींवर त्यांनी मारलेले शेरे म्हणजे साहेबाचं मत, पुरावा नव्हे. फॉरवर्डवाल्यांना नेमका तोच भाग आवडतो!

मराठेशाहीसाठी तर साहेबाकडे जायचीही गरज नाही. राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद जमवले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हणून छापले. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत काढले. यातले बरेच खंड इंटरनेट अर्काइव्हवरच आहेत. 'मोकासा'सारखा शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' पोर्टलही आहे, पण तिथे चिकाटी लागते.

आता चौकाचं नाव. ते कधी, कुठल्या ठरावाने पडलं, हे यातल्या एकाही साइटवर मिळणार नाही. ते असतं नगरपालिकेच्या जुन्या प्रोसिडिंग बुकात, आणि ती बुकं कुठल्या तरी ओल्या खोलीत गठ्ठे बांधून पडलेली असतात. ती स्कॅन करायला किती खर्च येईल, हे आपापल्या नगरसेवकाला विचारा. एका स्वागत कमानीपेक्षा जास्त येणार नाही.